न पडलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुने टपाल तिकीट आहे. आजवर माझ्यावर शिक्का पडलेला नाही. ही फुशारकी नव्हे, माझे दुःख आहे.

बेनेव्हेंतो शहरातल्या रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्या माझ्यावर छापल्या आहेत. आम्ही चार भावंडे एकमेकांना जोडलेलीच छापखान्यातून निघालो आणि ओत्तोरीनोच्या अल्बममध्ये आलो. तो त्याच नाट्यगृहाचा पहारेकरी होता. चौकडी अखंड असली तरच संग्राहक तिला मानतात. म्हणून आम्हाला बोट लावायची कोणाची टाप नव्हती.

त्याची मुलगी ओर्नेला त्या पायऱ्यांवर खेळूनच मोठी झाली. आईच्या पहिल्या स्मृतिदिनी ती चर्चमध्ये एकटीच बसली. हा बाजारात तिकिटे चाळत होता. संध्याकाळी तिने बॅग भरली.

"पप्पा, तुम्हाला माणसांपेक्षा हे कपटे प्यारे! त्या चारातलं एक फाडून मला पत्र पाठवाल ना, त्या दिवशी येईन."

"जा, जा! तुझ्या नखऱ्यांपायी चौकडी फोडू होय?"

ती तुरिनला गेली. सहा वर्षे झाली. शेजारची आस्सुन्ता टोमणे मारी, "काय हो, आजारपणात सूप कोण करून देतं? रोमन सम्राट?" तो रोज आम्हाला बाहेर काढी आणि परत ठेवी. मला त्याचा राग येई आणि कीवही येई.

एका हिवाळी सकाळी मात्र त्याने मला फाडले. जीभ लावून पाकिटावर डकवले. आत दोनच शब्द होते: चुकलो, ये. पण संग्राहकाची खोड जाते थोडीच! माझा कोपरा उचलू नये म्हणून त्याने पाकीट तिकिटांच्या जाडजूड सूचिपुस्तकात दाबले. "उद्या टाकतो," असे स्वतःशीच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही.

अंत्यविधीनंतर ओर्नेलाने अल्बम उघडला. तिथे तीनच तिकिटे होती.

"आस्सुन्तामावशी, चौथं कुठंय?"

"बाजारात दिलं असेल गं कोणाला. बदल्यात दुसरं आणलं असेल."

"परक्याला दिलं? आणि मी खुळी सहा वर्षं पोस्टमनची वाट बघतेय!"

ती उभ्याउभ्याच रडली. मी त्या सूचिपुस्तकात, तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला ओरडता आले नाही. ती घराला कुलूप लावून गेली.

मित्रांनो, मनातले पत्र लिहिलेत तर ओल्या गोंदानिशी पेटीत टाका. कोपरा उचलला तरी चालेल. माझे चारही कोपरे अगदी पक्के चिकटले आहेत.