गाडीतलं भारनियमन

माणूस खऱ्या अर्थाने मुक्त होतो तो भिंती सोडल्यावरच. घर विकून चाकांवरचं घर घेतलं, तेव्हा जावयाने हे तत्त्व सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं होतं. आठवड्याभरात त्यात एक दुरुस्ती करावी लागली: मुक्त माणसालाही कुठेतरी प्लग खुपसावा लागतो.

गाडीत तिघं राहत होती. जावई, त्याची बायको आणि बायकोचे वडील. वडील वीज खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून जावई त्यांना साहेब म्हणायचा, निम्मं आदराने, निम्मं टोमणा म्हणून. साहेबांची फुप्फुसं संपत आली होती. मागच्या पलंगाशी हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं एक यंत्र सदोदित घुरघुरत असे आणि त्याची नळी साहेबांच्या नाकात असे. मुलगी लॅपटॉपवर एका कंपनीच्या ग्राहकांची गाऱ्हाणी निस्तरायची. जावई मुक्तीवर व्हिडिओ करायचा. थोडक्यात, गाडी डिझेलवर आणि संसार मुलीच्या पगारावर चालत होता.

विजेचं गणित सोपं होतं. छतावरच्या सौर पॅनेलवर ऊन पडलं किंवा इंजिन चाललं, की बॅटरी भरायची. पण आभाळ बरेच दिवस उघडलं नव्हतं, आणि इंजिनातून बॅटरी भरणारा पट्टा आदल्या दिवशी तुटला होता. गाडी एका बंद गोदामामागच्या मोकळ्या जागेत अडकून पडली. जावई नवा पट्टा आणायला पायीच निघाला. निघण्याआधी त्याने ड्रोनच्या बॅटऱ्या भरून घेतल्या. पूर्वी तारांवर आकडे टाकणाऱ्यांकडे साहेब ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने त्यांनी जावयाच्या पाठीकडे बघितलं आणि गाडीत भारनियमन जाहीर केलं.

इतर कुणी वीज जपून वापरली असती. साहेबांना तसं जमत नव्हतं. त्यांनी फिडर, म्हणजे विजेच्या वेगवेगळ्या लाइनी, पाडले: पुढचे दिवे एक, फ्रिज आणि पंप दोन, लॅपटॉप आणि इंटरनेटचा डबा तीन. कोणता केव्हा बंद राहील तेही ठरलं. नोकरीत असताना त्यांनी स्वतःच्या घराची वीजही इतरांसारखीच घालवली होती, आणि आयुष्यात त्यांना अभिमान वाटावा अशी ती बहुधा एवढीच गोष्ट होती. त्यांची बायको मेणबत्तीच्या उजेडात त्यांना शिव्या घालत जेवण वाढायची, हेसुद्धा ते कौतुकाने सांगत.

त्या दिवशी मुलीची बैठक होती. विभागातली माणसं कमी करणार होते, आणि कुणाला ठेवायचं ते वरिष्ठ प्रत्येकाचं ऐकून ठरवणार, अशी कुजबुज होती. मागच्या बैठकीत एक सहकारी वाक्याच्या मध्यावर पडद्यावरून गायब झाला होता आणि नंतर नोकरीतूनही. लॅपटॉपची आतली बॅटरी कधीच मेली होती. वायर हलली तरी तो डोळे मिटायचा. नोकरी गेली असती तर डिझेल गेलं असतं, औषधं गेली असती, यंत्राचं भाडंही.

बैठकीच्या तोंडावर तिने फिडरांची चौकशी केली.

"बाबा, तुमचं मशीन कुठल्या फिडरवर?"

"चारवर."

"त्याला हात लावायचा नाही. हॉस्पिटलची लाइन कापायचात का कधी?"

"हे हॉस्पिटल नाही, बाळा. गाडी आहे."

"बाबा."

"नाही लावत. जा, तुझी बैठक बघ."

तिने पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर दाखवलं आणि जरा जरी दम लागला तरी ते उघडायला बजावलं. ते आणीबाणीसाठी आहे, असं साहेब म्हणाले. मग पडदा ओढून, कानांवर मोठे हेडफोन चढवून ती पुढच्या टेबलाशी बसली.

वरिष्ठांनी प्रास्ताविक केलं. ते लांबलं. कंपनी हे एक कुटुंब आहे, असं ते सांगत असतानाच इन्व्हर्टर हेडफोनमधूनही ऐकू येईल असा टिट-टिट करू लागला. म्हणजे बॅटरी तळाला चाललीय. तिचा नंबर अजून यायचा होता. तिने फ्रिज बंद केला, दिवे आधीच बंद होते. टिट-टिट चालूच. ती हसरा चेहरा ठेवून मनातल्या मनात ऊन मागत होती, आणि एकाएकी आवाज थांबला. ढग सरकले असावेत, असं तिला वाटलं. खिडकीकडे बघायला तिला फुरसत नव्हती, कारण तिचं नाव पुकारलं गेलं होतं.

ती छान बोलली. वरिष्ठांनी दोनदा मान हलवली. मग उरलेल्यांचं ऐकायचं होतं. मध्येच उठून जाणारी पहिली बाई होण्याची तिची हिंमत झाली नाही.

बैठक संपल्यावर तिने हेडफोन काढले. गाडीत कसलाच आवाज नव्हता. पडद्यामागे साहेब उशीला टेकून बसले होते. यंत्राचं बटण बंद होतं, ओठ निळे पडले होते. एक हात सिलिंडरवर होता. सिलिंडर भरलेलं, सील शाबूत. आणीबाणी आहे की नाही हे स्वतःच्या बाबतीत ठरवायची त्यांना सवय नव्हती; ते बहुधा वरून हुकूम यायची वाट बघत होते, आणि मुलगी बैठकीत होती.

तिने यंत्र सुरू केलं. सिलिंडर उघडलं. छाती दाबली, हाका मारल्या, फोनवर कुणीतरी सांगत होतं तसं सगळं केलं. रुग्णवाहिका आली तेव्हा यंत्र घुरघुरत होतं आणि इन्व्हर्टर टिट-टिट करत होता. बाहेर आभाळ तसंच होतं.

जावई पट्टा घेऊन आला तो रुग्णवाहिकेच्या मागे उभा राहिला. मला फोन का नाही केलास, असं त्याने विचारलं. केला होता, ती म्हणाली, तुझी बॅटरी संपली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. सगळ्यांचे आभार मानले होते. कुणाला ठेवायचं हे मागच्या महिन्यातच ठरलं होतं आणि तिचं नाव त्यात होतं. बैठकीचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं होतं. हजर राहणं ऐच्छिक होतं.