दोन बोटे अरुंद कागद

मी एक जुना, सुयांनी ठोकून छापणारा प्रिंटर आहे. सध्या माझा मुक्काम एका कारखान्याच्या अडगळीच्या खोलीत, मोडका पंखा आणि गळकी बादली यांच्या मध्ये आहे. माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'उजवीकडे छापत नाही.' मित्रांनो, ही चिठ्ठी धादांत खोटी आहे. तेवढे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

चोवीस सुया, शाईची एक फीत, एक रबरी रूळ आणि कडेला भोके असलेला कागद ओढणारी दोन दातेरी चाके, एवढाच माझा संसार. मला हिशेबखात्यात खिडकीजवळ बसवले होते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी तीनशे कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या छापत असे. माझा आवाज कर्कश खरा, पण तो ऐकू आला की यंत्रांवरची माणसे एकमेकांकडे पाहून हसत. "वाजायला लागला रे!" असे ओरडत. पगारवाल्या बाई रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत. फीत फिकी पडली की कुणी सांगण्याआधी बदलत. चिठ्ठीच्या डाव्या बाजूला कमाई, मध्ये कपात आणि उजव्या कडेला सूचनांची चौकट, असे मी नेमाने छापायचो. मला त्या कामाचा फार अभिमान होता.

मग नवे हिशेबसाहेब आले. त्यांना काटकसरीची भारी हौस होती, अर्थात दुसऱ्यांच्या जिवावर. त्यांनी स्वस्तातला कागद मागवला. तो नेहमीच्या कागदापेक्षा दोन बोटे अरुंद होता.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, "साहेब, उजवीकडची चौकट कागदावर येतच नाहीये."

"त्या चौकटीत असतं काय हो? 'आपली रक्कम तपासून घ्यावी.' वर्षानुवर्षं तेच. आकडे येतात ना? मग झालं तर."

बाईंनी तोच कागद मला चढवला. माझे काय? मला कागद संपला हे कळत नाही. सांगितले तेवढे छापायचे, हा माझा स्वभाव. ती चौकट मी महिन्यामागून महिने उघड्या रुळावर छापत राहिलो. रुळाचे उजवे टोक काळे ठिक्कर पडले.

आता गप्पूशेठची गोष्ट सांगतो. हा लेथवर काम करणारा माणूस. तो कधी बोलत नसे म्हणून गप्पू, आणि खिशात कधी काही नसे म्हणून शेठ. त्याला लहानाचे मोठे केले ते त्याच्या थोरल्या बहिणीने, लोकांचे कपडे शिवून. त्या ताईचे सगळे दात पडले होते. ती तोंडावर हात ठेवल्याशिवाय हसत नसे आणि भाकरी पाण्यात भिजवून खाई. दातांच्या डॉक्टरांनी माप घेतले होते. कवळीची किंमत ऐकून दोघे भाऊबहीण मुकाट्याने घरी आले होते.

त्या वर्षी कारखान्याला एक मोठे काम मिळाले. तीन महिने एकाही सुट्टीशिवाय माणसे राबली. मालक खूश झाले आणि प्रत्येकाला एकदाच मिळणारा बोनस जाहीर झाला. ती पत्रेही मीच छापली. गप्पूशेठ ते पत्र घेऊन थेट डॉक्टरांकडे गेला आणि वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या सांगून आला. पत्रातला आकडा अगदी पुरेसा होता. पण पत्रातला आकडा आणि हातात पडणारा आकडा हे सख्खे भाऊ नसतात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

पगाराचा दिवस आला. बोनस त्याच महिन्याच्या पगारात मिसळला होता. हिशेब करणाऱ्या संगणकाला वाटले, हा माणूस आता दर महिन्याला एवढे कमावणार. म्हणजे वर्षाला बारापट. म्हणजे हा श्रीमंतच झाला. त्याने श्रीमंताला लावायचा कर गप्पूशेठला लावला आणि बोनसचा जवळजवळ निम्मा भाग कापून टाकला. संगणकाला आपली चूक ठाऊक होती बरे का. म्हणून त्याने त्या महिन्यात चौकटीत प्रथमच कामाचा मजकूर पाठवला. तो मी सुईसुईने, नीट, वाचता येईल असा छापला. रुळावर.

गप्पूशेठ चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बाई, एवढं कसं कापलं?"

"कर आहे तो. सगळ्यांचाच कापलाय."

"परत नाही का मिळत?"

"कापलेला कर कधी परत मिळालाय का, दादा?" बाई दमल्या होत्या. मागे रांग होती.

मित्रांनो, मी बाईंच्या कोपराला टेकून होतो. उत्तर माझ्या अंगावर ओले होते. मी नुसता करकरलो, तर बाईंनी माझे बटण बंद केले.

उरलेल्या पैशांत वरची कवळी आली. खालची डॉक्टरांच्या कपाटात राहिली. नुसते वरचे दात कशावर चावणार? ताई फक्त बाहेर जाताना ती कवळी लावू लागली.

वर्ष संपले, वर दोन महिने उलटले. एके सकाळी ताई स्वतः हिशेबखात्यात आली. हातात पत्र्याचा एक चपटा डबा होता. भावाच्या सगळ्या चिठ्ठ्या ती त्यात ठेवत असे.

"बाई, जुन्या चिठ्ठ्या या डब्यात घट्ट बसतात, नव्या आत सरकतात. मी मोजून पाहिलं, दोन बोटं कमी आहेत. कापड कमी भरलं तर मी दुकानदाराला सोडत नाही. मग या कागदाची ही बाजू कुणी खाल्ली?"

इतक्या महिन्यांत, एवढ्या शिकलेल्या माणसांत हे विचारणारी ती पहिली. बाईंनी कपाटाच्या तळातून जुना रुंद कागद काढला, मला चढवला आणि बोनसच्या महिन्याची चिठ्ठी पुन्हा छापली. चौकट कागदावर आली. बाई मोठ्याने वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला.

'बोनस एकदाच मिळाल्यामुळे जादा कर कापला गेला आहे. तो परत मिळण्यासाठी वर्ष संपल्यापासून साठ दिवसांत अर्ज करावा. नंतर आलेला अर्ज घेतला जाणार नाही.'

साठ दिवस होऊन अकरा दिवस झाले होते.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "मुदत सगळ्यांना सारखीच असते हो. मी नाही का पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला? मला पैसे परतही मिळाले." ते सगळे पडद्यावर वाचत. त्यांच्या पडद्याला दोन बोटे कमी नव्हती.

ताई वाकली. तिने माझ्या रुळाच्या काळ्या टोकावर बोट फिरवले आणि ते बाईंना दाखवले.

"हे बघा. माझे खालचे दात."

ती हात तोंडावर न ठेवता हसली. ते हसू मला आजही नको वाटते.

तीनशे माणसांचे पैसे बुडाले होते, तेव्हा दोष कुणाच्या तरी माथी मारायलाच हवा होता. साहेबांनी माझ्या पाठीवर ती चिठ्ठी चिकटवली आणि मला इथे पाठवले. बाई फडके घेऊन एकदाच आल्या. रूळ पुष्कळ घासला, पण डाग गेला नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, एवढे मी सांगायलाच हवे. पण तुमच्या घरातले कुणी पगाराची चिठ्ठी आणील, तेव्हा आधी तिच्या कडा पाहा. चौकट अर्धी दिसली किंवा दिसलीच नाही, तर खिडकीशी जा आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. आणि कधी या खोलीत आलात, तर माझ्या पाठीवरची चिठ्ठी तेवढी काढून टाका. मी शेवटच्या दिवसापर्यंत उजवीकडे छापत होतो.