शिक्का मारलेली आवृत्ती

बसा हो इथं, चहा येतोय. तोवर तुम्हाला पुस्तकवाल्यांची एक गंमत सांगतो. पुस्तकवाले म्हणजे लिहिणारे नाहीत, अन् वाचणारेही नाहीत. पुस्तकं सांभाळणारे. ग्रंथपाल. लई गोड माणसं, पण तुम्ही पुस्तकाला हात घातलात की आधी तुमच्या बोटांकडं बघणार.

तर मंडईच्या मागं दत्तप्रसाद साठ्यांचं छोटंसं प्रकाशन होतं. ते फक्त ग्रंथपालांसाठी पुस्तकं काढायचे. पुस्तकं कशी लावावीत, वाळवी लागली तर काय करावं, सभासद पुस्तक परत देईना तर त्याच्याशी कसं बोलावं, असले विषय. त्यांच्याकडं जया गायकवाड नावाची मुलगी संपादक होती. संपादक म्हणजे काय, तर लेखकानं लिहिलेलं खोडायचं, छापखान्यात जाऊन भांडायचं, आणि पुस्तक झालं की पिशवीत घालून वाचनालयं हिंडायची. सगळं एकटीनंच.

जया खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. त्यांच्या क्वार्टरांमध्ये एका कपाटाचं वाचनालय होतं आणि किल्लीवाले मामा पोरांना कधी नाही म्हणायचे नाहीत. त्या कपाटानं पोरीला बिघडवलं म्हणायचं. मैत्रिणी कॉम्प्युटरच्या क्लासला गेल्या, ही वाळवीच्या पुस्तकात येऊन बसली, आणि वर खूशही होती.

साल नव्याण्णव. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेले. कालपर्यंत पिठाची गिरणी होती तिथं आज ‘इन्स्टिट्यूट’. साठ्यांचा जावई सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळं साठ्यांना रोज रात्री जेवताना नवं ज्ञान मिळायचं, आणि सकाळी ते जयाच्या टेबलावर यायचं.

“जयाबाई, वाळवी पुरे झाली आता,” साठे एक दिवस म्हणाले. “जावई म्हणतात, कॉम्प्युटरची गाइडं काढा.”

“आणि ग्रंथपालांची पुस्तकं?”

“घेतात ते. वाचतात का? आपलं मागचं पुस्तक वाचलेला एक ग्रंथपाल दाखवा मला.”

जयाला ते ठाऊक होतं. ग्रंथपाल पुस्तक घेतो, शिक्का मारतो, नंबर घालतो, कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो. मागं तिनं एकाला विचारलं होतं, “सर, आमचं पुस्तक कसं वाटलं?” तर तो मोठ्या प्रेमानं म्हणाला, “उत्तम. अगदी सुरक्षित आहे.”

“विमलाबाईंचं पुस्तक चाललंय ना तुमचं?” साठे म्हणाले. “ते काढू. ग्रंथपालांच्या संमेलनात ठेवा. लोकांनी उचललं, वाचलं, मागणी आली, तर हा विभाग चालू. नाहीतर बंद. मग तुम्ही आहात आणि गाइडं आहेत.”

बोलणं तेवढंच, पण जयाचा त्या दिवशीचा डबा तसाच राहिला.

विमलाबाई कुलकर्णी म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई. राहायला बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. पुस्तकाचा विषय चांगला होता: वाचनालयात कॉम्प्युटर आणायचा, तर न घाबरता कसा आणायचा. पण लिहिलं होतं असं की कॉम्प्युटरच घाबरावा.

“बाई, हे पहिलं वाक्य दीड पानाचं आहे,” जया म्हणाली.

“विद्वत्ता आहे त्यात.”

“मला श्वास घ्यायला दोनदा थांबावं लागलं.”

“मग थांबलीस तिथं पूर्णविराम दे. मला कशाला विचारतेस?”

असं करत करत दोघींनी पुस्तक माणसांत आणलं. बाईंनी नाव ठेवलं होतं ते एका दमात म्हणता येत नव्हतं. जयानं ठेवलं ‘घाबरू नका, कॉम्प्युटर आहे’. मुखपृष्ठ पिवळंधमक, त्यावर कॉम्प्युटरच्या डोक्यावर झोपलेलं मांजर. साठे म्हणाले, मांजर कशाला? जया म्हणाली, ग्रंथपाल लांबून बघतात, जवळ यायला काहीतरी नको का? शेवटी मांजर राहिलं.

जिल्ह्यातल्या ग्रंथपालांचं संमेलन रविवारी, गावातल्या एका जुन्या वाचनालयात. कुठलं ते तुम्ही ओळखालच. तिथले ग्रंथपाल बद्रीनाथ देव. उंच, किडकिडीत, रस्त्यावर भेटले तरी हळूच बोलणार. छापखान्यानं पुस्तकांचे गठ्ठे शनिवारीच तिथं पोचवले. जया म्हणाली, बरं झालं, वाचनालयाइतकी सुरक्षित जागा कुठली?

रविवारी सकाळी ती पोचली, तर विक्रीच्या टेबलावर खाकी कागदाच्या रांगा. पिवळं काही दिसेना.

“सर, माझी पुस्तकं कुठं आहेत?”

“ही काय,” बद्रीनाथ हळूच म्हणाले.

जयानं एक उचललं. खाकी कव्हर. पाठीवर नंबर. आत पाकीट, पाकिटात कार्ड. पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, मधल्या ठरलेल्या पानावर शिक्का. आणि आतल्या बाजूला विमलाबाईंचा फोटो, त्याच्या बरोब्बर नाकावर शिक्का.

“हे काय केलंत सर?”

“आभार नकोत. पाहुण्यांसमोर पुस्तक उघडंवाघडं कसं ठेवायचं? काल सगळा स्टाफ बसला होता. आमच्या कचरू शिपायाचा अंगठा सुजलाय.”

“अहो, ही विकायची होती.”

बद्रीनाथांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मग आधी सांगायचंत. आमच्या दारातून छापील कागद आत आला की शिक्का बसतो. दिवाळीत वाण्यानं कॅलेंडर दिलं, त्यालाही बसलाय.”

“मग आता शिक्के रद्द करा.”

“त्याला समितीचा ठराव लागतो. अध्यक्ष अमेरिकेत आहेत, मुलाकडे. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे.”

“येणार कधी?”

“नातवाचं बारसं झालं की.”

“नातू केवढा आहे?”

“अजून व्हायचाय.”

जया बाहेर येऊन पायरीवर बसली. आत माणसं जमायला लागली होती. ज्यांना पुस्तक दाखवायचं ती सगळी माणसं एका छपराखाली, पुस्तकही त्याच छपराखाली, आणि विकायची सोय नाही. उद्या साठे विचारणार, किती गेली? एकही नाही. मग आयुष्यभर ‘फाइल मेनूवर क्लिक करा’ तपासत बसायचं.

तेवढ्यात विमलाबाई रिक्षातून उतरल्या. पुस्तक बघितलं, स्वतःच्या नाकावरचा शिक्का बघितला आणि जयाच्या शेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

“बाई, हसू नका. माझा विभाग गेला.”

“अगं, पण मी किती व्यवस्थित जमा झालेय बघ.”

“जमा झालात म्हणजे कायमच्या कपाटात. विकता येत नाही, देता येत नाही...” जया बोलता बोलता थांबली. “देता का येत नाही?”

ती उठली ती तडक आत. बद्रीनाथ खुर्च्या मोजत होते.

“सर, दुसऱ्या वाचनालयाला पुस्तक वाचायला द्यायचा नियम आहे का तुमच्याकडे?”

“आहे. पण माझ्या उभ्या नोकरीत कुणी मागितलं नाही.”

“आज हे सगळे मागतायत.”

बद्रीनाथांनी जरा विचार केला. नियम होता. नियमाला नाही म्हणायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी बाह्या सरळ केल्या आणि तारखेचा शिक्का मागवला.

मग जयानं सगळ्यांना सांगितलं, पुस्तक वाचायला मिळतंय, आणि काय सांगू तुम्हाला, बघण्यासारखी रांग लागली. जन्मभर टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेली ही माणसं, पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला उभी. काहींना कार्डावर सही कुठं करायची तेही सुचेना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घेतल्या, स्वतःची कधी केलीय?

“पान दुमडलं तर चालेल का?” जुन्नरच्या एकानं विचारलं.

“तुमच्याकडे चालतं?” बद्रीनाथ म्हणाले.

“नाही.”

“मग कशाला विचारता?”

पंधरा दिवसांची मुदत पडली. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं.

सोमवारी साठ्यांनी ऐकून घेतलं. “विकायला नेली होती का फिरवायला?” एवढंच म्हणाले आणि गाइडाचा गठ्ठा जयापुढं ठेवला. जया मान खाली घालून तपासायला लागली. माउसचं चित्र उलटं होतं, ते तिनं सरळ केलं.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. विकत घेतलेलं पुस्तक पळून जात नाही, म्हणून ते वाचायचं राहतं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावर तारीख असते. आणि तारखेची भीती ग्रंथपालाइतकी कुणाला नाही. ते लोकांना ‘न वाचताच आणलंत का परत?’ म्हणून बोलतात, आता ती पाळी त्यांच्यावर. मग कुणी एसटीत वाचलं, कुणी दवाखान्याच्या बाकावर. भोरच्या एका बाईंनी तर नवऱ्याला वाचून दाखवलं, नवऱ्याचा काही संबंध नसताना.

मुदतीच्या दिवशी बद्रीनाथांच्या दारात परत रांग. एकानंही पान दुमडलेलं नाही, पण प्रत्येकाला बोलायचं होतं. दुसरं प्रकरण छान आहे, चौथं बाईंनी घाईत उरकलंय, कव्हराखालच्या मांजराचं नाव काय. बद्रीनाथ ‘हळू, हळू’ करून दमले.

त्यानंतर साठ्यांकडं पत्रं यायला लागली. जवळजवळ सगळ्यांत एकच मजकूर: आम्हांस दोन प्रती पाठवाव्यात, एक कपाटात ठेवण्यासाठी आणि एक वाचण्यासाठी.

साठे एक एक पत्र वाचत जयाच्या टेबलापाशी आले.

“गाइडाचं कुठवर आलंय?”

“प्रिंटरच्या धड्यापर्यंत.”

“राहू द्या. जावयांच्या मित्राला देऊ तपासायला. तुम्ही बाईंची दुसरी आवृत्ती घ्या. आणि फोटोशेजारी जरा मोकळी जागा सोडा. शिक्का कुठंतरी बसायला नको?”

जया उठली. गाइडाचा गठ्ठा उचलला, नीट कोपरे जुळवले आणि खिडकीत नेऊन ठेवला, लांब.

पहिल्या आवृत्तीतली सगळी पुस्तकं परत आली, एक सोडून. ते बद्रीनाथांकडंच आहे. संमेलनाच्या दिवशी रांग संपल्यावर त्यांनी गपचूप स्वतःच्या नावावर एक काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. आता ते सकाळी लवकर येतात, वाचनालयाला मिळालेल्या कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिक अर्धं बाजूला करतात, पुस्तक शेजारी उघडं ठेवतात आणि एका बोटानं एक एक अक्षर दाबत बसतात. मुदत कधीच उलटून गेलीय. सगळ्या स्टाफला माहितीय, कचरूसुद्धा तोंड उघडत नाही.

तुम्ही उद्या त्या वाचनालयात जाणार म्हणालात ना? मग तेवढं एक करा माझ्यासाठी. टेबलावर ते खाकी पुस्तक दिसेल. खुशाल चौकशी करा, कुठवर आलात म्हणून विचारा. तारखेचं तेवढं काढू नका.