चरावरची शेड

माझ्या थोरल्या दिरांनी, सुनील भावोजींनी, मुंबईहून शेडचा व्हिडिओ पाठवला. दहा बाय बारा, निळा पत्रा, दाराला कुलूप. मागच्या परड्यात बसवायची. मला वाटलं, लाकडं आणि पेंढा ठेवायला असेल. पावसात ओली लाकडं फुंकून माझे डोळे जातात, ते दिसलं असेल कोणाला. कसलं काय! शेड वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळासाठी. आत मंडळाच्या चाळीस खुर्च्या, टोप, मांडवाचे पडदे. चावी अध्यक्षांकडे, म्हणजे भावोजींकडे, नालासोपाऱ्याला.

मे संपता संपता ते आले. गाडी थेट अंगणात घातली, मागे जाऊन दोरी ताणली आणि चुन्याची फक्की मारली. रेघ बरोबर चरावरून गेली.

या चरातून डोंगरावरचं पाणी घराला वळसा घालून ओढ्याला जातं. दरवर्षी पावसाआधी मी आणि माझी सासू ठकूबाई तो उपसतो. तळीये गावावर डोंगर कोसळला त्या जुलैत आम्ही दोघी कमरेपर्यंत चिखलात उभ्या राहून गाळ काढत होतो, म्हणून घर राहिलं.

"भावोजी, चर बुजवू नका. शेड पुढं अंगणात बसवा."

"अंगणात गाडी लागते ना. आणि समोर पत्रा म्हणजे घराचा लूकच गेला."

"मग पाणी कुठं जाईल?"

"पाइप टाकू गो, चार इंची. टेन्शन नको घेऊ."

चार इंची! फणसाची दोन पानं आडवी बसली की संपला. मी नवऱ्याकडे पाहिलं. मुरारी खाली मान घालून खुंट्या ठोकत होता.

"दादानं इंजिनियरला विचारलंय," तो म्हणाला.

इंजिनियर कोण, तर पत्रे विकणारा. अशा नवऱ्याला दोन वेळा भाकरी वाढते, याची मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाडहून पत्र्यांचा टेम्पो आला. खणण्याआधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, म्हणून वाडीतल्या चांगू आजोबांना बोलावलं. बाईनं सांगितलेलं ऐकायचं नाही, पण देवाला विचारल्याशिवाय टिकाव मारायचा नाही. गाऱ्हाणं झालं की घरातल्या प्रत्येकानं 'होय म्हाराजा' म्हणायचं. एक तोंड जरी गप्प राहिलं तरी नारळ फुटत नाही.

चांगू आजोबांनी डोळे मिटले. "बा राखणदारा, तुजी लेकरा तुज्या जाग्यात खांब रोवतायत. चुकला माकला पोटात घाल..."

"होय म्हाराजा!" भावोजी ओरडले. मुरारी त्यांच्या मागून पुटपुटला.

"नाय म्हाराजा," मी म्हणाले.

आजोबांनी डोळे उघडले. नारळ खाली ठेवला. "मी नाय फोडनार. घरातला मानूस नाय बोलतंय."

"आजोबा, मस्करी करते ती," भावोजी म्हणाले. मग मुरारीकडे वळले, आवाज खाली, पण मला ऐकू येईल एवढा. "हिला दोन दिवस माहेरी पाठव. परत घालू गाऱ्हाणं."

आणि मुरारीनं मान हलवली. हलवली! माझ्या देखत!

सासू ओट्यावर बसली होती. ती उठलीसुद्धा नाही.

"मंग मला पन पाठव रे सुनील, तिच्या संगती. मी पन नायच बोलनार हाय. आन देवाला काय सांगशील, आयशीला घराबाहेर काढली?"

टेम्पोवाला हसला. भावोजींचं तोंड एवढंसं झालं. अर्ध्या तासात भावोजींनी गाडी उतारावरून खाली रस्त्याला नेऊन लावली आणि पत्रे अंगणात उतरले. नारळही पुढेच फुटला.

दुपारी मंडळाच्या ग्रुपवर फोटो पडला. निळ्या पत्र्यापुढे भावोजी, कपाळाला गुलाल. खाली लिहिलं होतं, "राखणदाराच्या आज्ञेने शेडची जागा बदलली." सत्तावीस जणांनी हात जोडले होते. त्यात मुरारीही होता.

मी थुंकले आणि फावडं घेऊन मागे गेले. चरात गुडघाभर पाला साचला होता. सासू आधीच उतरली होती.