रुखमिणीचं इंग्रजी

"सी, लुक अन् वॉच. तिन्हीचा अर्थ पाहणे. मंग फरक काय?" तुलाराम गुरुजींनी पुस्तक खाटेवर आपटलं.

रुखमिणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"नाही समजत, मामाजी."

गुरुजींनी सुनेपुढे हात टेकले. मुलगा लाखनीजवळ ट्रकखाली गेला, तेव्हापासून या पोरीनं मॅट्रिक व्हावं, मास्तरीण होऊन आपल्या पायांवर उभं राहावं, एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता. बाकी सगळे विषय सुटले. इंग्रजीत मात्र ती दोनदा आपटली. जन्मभर सानगडीच्या पोरांना इंग्रजी शिकवलं आणि घरात दिव्याखाली अंधार!

चिडून ते धानाच्या बांधीकडे निघाले, पण दुपट्टा राहिला म्हणून अंगणातूनच परतले. स्वयंपाकघरातून रुखमिणीचा आवाज येत होता.

"बोडीच्या पाण्यात बगळा दिसला, आत्याबाई, तं थे सी. मुद्दाम त्याच्याकडं डोये वळवले, तं लुक. अन् थो मासोयी कवा धरते म्हणून पाहत बसली, तं वॉच. घ्या, घास घ्या."

मुलगा गेल्यापासून गुरुजींची बायको चंद्रभागाबाई बोलत नव्हत्या. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.

गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

"सारंच येते ना तुले? मंग पेपरात काहून नाही लिवलं?"

रुखमिणी दचकली. ती ताटातला भात चिवडू लागली.

"लिवलं असतं तं पास झाली असती, मामाजी. मंग ट्रेनिंगले भंडाऱ्याले जा लागलं असतं. आत्याबाई माह्याच हातानं खातेत."

गुरुजींना आधी बरंच वाटलं. पोर आपल्याला सोडून जाणार नाही म्हणून बरं वाटलं आणि लगोलग स्वतःची लाज वाटली. तिचं अजून सारं आयुष्य पडलं होतं.

त्यांनी हात धुतले आणि तिच्यापुढचं ताट ओढून घेतलं.

"जाय, पुस्तक घेऊन ओसरीत बस."

"त्या नाही खाणार, मामाजी."

"नाही खाल्लं तं मीबी उपाशी राहीन."

रुखमिणी उठून गेली. गुरुजींनी घास पुढे केला. चंद्रभागाबाईंनी मान फिरवली आणि सून गेली त्या दाराकडे डोळे लावले.

"खाय वो," गुरुजी म्हणाले. बायकोला त्यांनी जन्मात कधी भरवलं नव्हतं. शितं तिच्या लुगड्यावर सांडली.

ओसरीत सामसूम होती.

"मोठ्यानं वाच! तुह्या आत्याबाईले ऐकू येऊ दे!" गुरुजी ओरडले आणि त्यांनी दुसरा घास उचलला.