गुडघ्यातलं रागीट लोखंड

गंगापूर रोडच्या त्या मंगल कार्यालयात काठ्या इतक्या, की लांबून बांबूचं बनच वाटावं. बसायला सतरंज्या अंथरलेल्या, पण एकाचाही गुडघा वाकेना. स्टेजवर लोहनाथ महाराज. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर होकायंत्र धरायचे, की सुई गरगर फिरायची.

"बघा, आतलं लोखंड खवळलंय. म्हणून गुडघा गरम लागतो. वाकवाल तर आणखी तापेल. तेल लावा, पाय सरळ ठेवा."

तेल लागलं की गुडघा गारेगार. लोक पाया पडायला धावत, म्हणजे लंगडत.

माझी धाकटी बहीण कुसा येवल्याला पैठणी विणते. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या. परत मागावर बसता यावं म्हणूनच तिनं गुडघ्याची वाटी बदलून घेतली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या योगिनी नावाच्या मुलीनं बजावलं होतं, "मावशी, काही महिने सूज राहणार, गुडघा गरमही लागणार. घाबरायचं नाही. दुखलं तरी रोज वाकवायचा. ताप आला, जखम वाहिली, तर लगेच दवाखान्यात."

कुसा घरी गेली आणि महाराजांच्या नादी लागली. मला कळेपर्यंत तीन-चार महिने उलटून संक्रांत आली.

"वाकवतेस का गं?"

"नाय अक्का. लोखंड तापतं. आता बघ, दुखत पण नाय."

"दार उघडलंच नाही तर बिजागरी कुरकुरत नाही कुसा, गंजते."

ऐकेना. मग कुसाला त्या कार्यालयात पुढे खुर्चीवर बसवलं, मीच माझ्या धडधाकट गुडघ्याला बँडेज गुंडाळलं, योगिनीचा हात धरला आणि कण्हत स्टेजवर चढले.

"महाराज, माझ्या गुडघ्यात जर्मनीचं पोलाद आहे. झोपेत जर्मन बोलतं."

सुई गरगरली. "जर्मन पोलाद फार रागीट," महाराज गंभीरपणे म्हणाले.

मी बँडेज सोडलं. टाका नाही, व्रण नाही. "हा आईनं दिलेला गुडघा. यात लोखंड असलंच तर मेथीच्या भाजीचं."

योगिनीनं महाराजांचा अंगठीचा हात बाजूला ओढला, सुई थांबली. अंगठीत लोहचुंबक होतं. तेल हुंगून ती म्हणाली, "पुदिन्याचा अर्क आहे. कातडी गार वाटते. आत काही होत नाही."

लोक हसले. पुढच्या खुर्चीवरची कुसा पाय वाकवू पाहत होती. योगिनीनं तो हातात घेतला, हळूच दाबला, आणि तिचाच चेहरा उतरला.

"आत जखडलाय, मावशी. उशीर झाला. डॉक्टरांना दाखवू, पण पूर्ण वाकेल असं खोटं नाही सांगणार."

नाही वाकला. माग आता सून चालवते. कुसा दारात खुर्चीवर, पाय फळीसारखा पुढे. परवा म्हणाली, "अक्का, दुखत होता तेव्हा बरा होत होता गं." एरवी मी कशालाही थापेचं शेपूट जोडते. तिथं मी फक्त तिच्या पायाखाली पाट सरकवला.

म्हणून सांगते, गुडघा गरम लागला, दुखला, भीती वाटली, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच जाऊन विचारा. प्रश्न खुळा वाटला तरी विचारा. आणि चमत्कार दाखवणाऱ्याला आधी हातातली अंगठी काढायला सांगा.