माझ्या पाठीवरचं बीजगणित

“सकाळी अख्खी होती खडूची वडी! आता बघा, नखाएवढी उरलीय. आपल्या घरातले उंदीर खडू खायला लागले की काय?”

मल्हारराव हे पुटपुटले तेव्हा त्यांचं पोट माझ्या कडेला टेकलेलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला ती कुरकुर ऐकू गेली की नाही कोण जाणे, मला मात्र ती थेट लाकडातून ऐकू आली. आणि खडू कुणी संपवला हेही मला पक्कं माहीत होतं, कारण तो माझ्याच पाठीवर संपला होता.

मित्रांनो, कापड बेतायचं एक टेबल म्हणून माझी उभी हयात गेली. आता मी जुनं झालंय. बंगळुरात कब्बनपेटेच्या एका अरुंद गल्लीत मल्हाररावांचं शिवणाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि दोघांच्या मधोमध मी. त्यामुळे गिऱ्हाइकांच्या गप्पाही माझ्या आणि घरातल्या कुजबुजीही माझ्याच.

माझी फळी फणसाची. होसकोट्याकडच्या कुणाच्या तरी परसात मी वर्षानुवर्षं फणस दिले आणि मग येलहंक्याच्या देवाप्पा सुताराच्या हाती लागलं. त्याने माझी पाठ इतकी तासली की रेशमाचा धागासुद्धा अडकू नये. एक पाय तेवढा आखूड पडला. त्यावर तो मल्हाररावांना म्हणाला, “पाय बरोबर आहे मास्तर, तुमची जमीनच वाकडी आहे.” मल्हाररावांनी निमूटपणे त्या पायाखाली चिंधी घातली.

स्वातंत्र्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. पुढे माझ्यावर काय काय बेतलं गेलं! शाळांचे गणवेश, नवरदेवांचे कोट, बसवनगुडीच्या बायकांचे ब्लाउज. गिऱ्हाइकं कोटाची तारीफ करत. टेबलाची तारीफ कोण करणार? पण मल्हारराव दुकान बंद करताना माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवत, आणि तेवढ्यावर माझं भागायचं.

मग घरात सून आली, हेमलता. हे लग्न जमवलं मल्हाररावांच्या बहिणीने, गोजराबाईंनी. मुलीचे वडील म्हणाले होते, “एसएसएलसीच्या परीक्षेला बसली होती.” गोजराबाईंनी पुढचं काही विचारलंच नाही. उलट आपल्या समाजाच्या प्रत्येक हळदीकुंकवात त्या सांगत सुटल्या, “आमच्या अण्णाची सून एसएसएलसी झालेली आहे हो!”

खरी गोष्ट अशी, की मॅट्रिकच्या त्या परीक्षेत हेमलता बाकी सगळ्या विषयांत पास झाली होती आणि गणितात गेली होती. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने ते नवऱ्याला, नरसिंहरावांना, सांगून टाकलं. त्यांनी आईला, तुंगाबाईंना, सांगितलं आणि वर बजावलं, कुणाला बोलू नको. तुंगाबाईंनी मल्हाररावांना सांगितलं आणि वर बजावलं, कुणाला बोलू नका. अशा रीतीने घरात प्रत्येकाला ठाऊक झालं आणि प्रत्येकजण गप्प बसला. ‘नापास’ हा शब्दच घरातून हद्दपार झाला. शेजारचा पोरगा नापास झाला तरी “त्याचं जरा राहिलं” एवढंच म्हणायचे.

यात फसली ती हेमलता. तिला शिक्षिका व्हायचं होतं. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं तर एसएसएलसी हवी, एसएसएलसी हवी तर परत परीक्षेला बसायला हवं, आणि सगळ्या गावाच्या लेखी जी पास झालेली, ती परीक्षेला बसणार तरी कशी?

मुलं शाळेत जायला लागली, दुपारी घर शांत झालं, तेव्हा तिने भावाकडून नव्या अभ्यासक्रमाचं पुस्तक मागवलं. जेवणानंतर मल्हारराव आडवे झाले की ती माझ्याजवळ यायची, शिवणाचा खडू उचलायची आणि माझ्यावर उदाहरणं मांडायची. झालं की ओल्या फडक्याने पुसून टाकायची. तुंगाबाई उंबऱ्यात चिंच निवडत बसायच्या. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मात्र गल्लीतलं कुणी दाराशी आलं की त्या मोठ्याने खोकायच्या. चिंचेने इतका खोकला येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

एके दिवशी पुसायचं अर्धं राहिलं. नेमक्या तेव्हाच कृष्णवेणी मिस ब्लाउजचं माप द्यायला आल्या. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. कानडी घरातल्या, पण आमच्या गल्लीत वाढलेल्या, त्यामुळे मराठी चांगलं बोलायच्या. त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं.

“मास्तर, दोनाचा घात तीन, बरोबर सहा. हे कुठल्या ब्लाउजचं माप?”

मल्हारराव मशीनवरून न उठताच म्हणाले, “कॉलरचं असेल.”

“कॉलर चुकलीय पण. आठ पाहिजे.”

“मग सुनेला सांगा,” मल्हारराव म्हणाले आणि मशीन जोरात चालवू लागले.

इथून माझे खरे भाग्याचे दिवस सुरू झाले, मित्रांनो. कृष्णवेणी मिस आठवड्यातून दोनदा दुपारच्या येऊ लागल्या. दोनाचा घात तीन म्हणजे बे त्रिक सहा, हे हेमलतेच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मिसनी पुस्तक मिटलं आणि मांजरपाटाचा तुकडा माझ्यावर पसरला.

“घाल घडी. किती पदर?”

“दोन.”

“परत घाल. आणि परत.”

हेमलतेने बोटाने पदर मोजले. “चार… आठ. अगं बाई! प्रत्येक घडीला दुप्पटच होतंय.”

“हाच घात. आता सगळं उलगड. घडी एकही नाही. दोनाचा घात शून्य. किती?”

“शून्य.”

“शून्य? मग कापड कुठे गेलं?”

हेमलता त्या एकपदरी मांजरपाटाकडे बघतच राहिली. मग इतकी हसली की उंबऱ्यात तुंगाबाईंना खोकावं लागलं. “एक! घडी नसली तरी कापड एक आहेच की!” पुढचं तिचं तिनेच काढलं. दोन घड्या आधीच आहेत, वर आणखी तीन घातल्या, म्हणजे घड्या पाच, पदर बत्तीस. घातांकांची बेरीज होते ती अशी. “पण बत्तीस पदर मामंजींच्या कात्रीला कापायचे नाहीत,” ती म्हणाली. आतल्या खोलीत झोपलेल्या मल्हाररावांनी झोपेतच “नाहीच कापायचे” असं उत्तर दिलं.

संच तर तिला हातासरशी आले. मिसनी माझ्यावर दोन वर्तुळं काढली, एकमेकांत थोडी शिरलेली. एकात ब्लाउज शिवायला टाकलेल्या चौदा बायका, दुसऱ्यात परकर टाकलेल्या नऊ. दोन्ही टाकलेल्या पाचजणी मधल्या पाकळीत. त्या दोनदा मोजल्या जातात, म्हणून एकदा वजा करायच्या. एकूण अठरा. योगायोगाने मल्हारराव त्याच आठवड्यात दसऱ्याच्या आयुधपूजेसाठी या बायकांना वाटायच्या चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधत होते, चौदा आणि नऊ अशा तेवीस.

“अठराच बांधा, मामंजी,” हेमलता हळूच म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि अठरा बांधल्या. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही.

अडलं ते भलत्याच ठिकाणी. उदाहरण सगळं बरोबर सोडवायची आणि शेवटी उत्तर चुकवायची. चार पूर्णांक दोन तृतीयांश आलं की पाच लिहायची. फूटभर चौरसाचा कर्ण काढताना बारा गुणिले वर्गमूळ दोन इथवर नीट यायची आणि मग ऐटीत लिहायची, सतरा इंच.

“सतरा का?” मिसनी विचारलं.

“तिरकं उरेब कापताना आम्ही सतराच धरतो. दोराभर जास्त असलेलं बरं. शिलाईला माया सोडायला नको?”

मिस कपाळाला हात लावून बसल्या. “हेमा, पहिल्या वेळी पेपरातही असंच केलं होतंस?”

हेमलतेने मान खाली घातली. शिंप्याच्या घरात जन्मली, शिंप्याच्या घरात आली. कापड कमी पडण्याची भीती तिच्या हाडात होती. प्रत्येक उत्तराला तिने अर्धा-पाव इंच माया सोडली होती, आणि त्या मायेनेच तिला बुडवलं होतं.

“अगं, एक्सला काही अंगात घालायचं नाही,” मिस म्हणाल्या. “आहे तेवढंच लिही. वर्गमूळ दोन उघडंच राहू दे. ती वास्तव संख्या आहे. तुझ्या टेपवर तिची खूण नाही, म्हणून तिला जागा नाही असं थोडंच आहे? या टेबलावर आहे की. हा बघ कर्ण. इथे सुरू झाला, इथे संपला.”

माझ्या पाठीवर ती जागा होती, मित्रांनो! सतराच्या अगदी अलीकडे, केसभर. कोणत्याही टेपला न सापडणारी संख्या माझ्या फणसाच्या अंगावर मुक्कामाला होती. त्या दिवशी माझा आखूड पायसुद्धा लांब झाल्यासारखा वाटला.

आयुधपूजेला आमच्या घरी कात्रीसुद्धा रजेवर असते. मला धुऊन पुसून झेंडूची माळ घालतात आणि प्रत्येकजण आपापलं हत्यार माझ्यावर मांडतो. मल्हाररावांची कात्री, कारखान्यात जाणाऱ्या नरसिंहरावांचा पाना, तुंगाबाईंची काजाची सुई. हेमलता दर वर्षी शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान ठेवायची. त्या वर्षी ती आतून आली आणि तिने बीजगणिताचं पुस्तक ठेवलं.

गोजराबाई पूजेला आलेल्या होत्या. “हे गं कुणाचं?”

“पोरांचं असेल,” मल्हारराव घाईने म्हणाले.

“पहिलीतल्या पोराला बीजगणित?”

“नवा अभ्यासक्रम आहे, आत्या,” नरसिंहराव गंभीरपणे म्हणाले.

तुंगाबाईंनी कात्रीला कुंकू लावलं, पान्याला लावलं, आणि पुस्तकाला इतकं लावलं की मुखपृष्ठावरचं नावच दिसेना.

परीक्षेच्या सकाळी हेमलता सासूला म्हणाली, “आत्याबाई, मिसकडे साड्यांना फॉल लावायला जाऊन येते.”

“सरी, बरं, जाऊन ये,” तुंगाबाई म्हणाल्या.

मल्हारराव मान वर न करता म्हणाले, “फॉल लावायचाय तर पेनात शाई भरून घे. आणि हे बघ, स्वल्पसुद्धा माया सोडू नको.”

ती गेली, आणि इकडे मल्हाररावांनी माझ्यावर एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं.

निकाल वर्तमानपत्रात आला. नरसिंहरावांनी पत्र माझ्यावर पसरलं. हेमलता दाराआड उभी होती, पुढे यायला तयार नव्हती. मल्हाररावांचं बोट नंबरांच्या रांगांवरून उतरत गेलं आणि एका जागी थांबलं. त्यांनी दोनदा पाहिलं. मग त्यांनी काय केलं असेल? शिंपी माणूस कापडाच्या कात्रीने कधी कागद कापत नाही, धार जाते. घरातल्या कुणी तसं केलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी तीच मोठी कात्री उचलली आणि तो एवढासा नंबर कापून, काठ सरळ करून, सुनेच्या तळहातावर ठेवला.

“मोजून घे,” ते म्हणाले. “जेवढा आहे तेवढाच कापलाय.”

हेमलतेने दोन्ही हात माझ्यावर टेकले आणि ती ढसाढसा रडली. ते पाणी मी पिऊन टाकलं. लाकडाला पाणी वाईट, पण त्या दिवशी चाललं.

मित्रांनो, आता माझ्या पाठीला चिरा गेल्या आहेत. तुमच्या घरी माझं कुणी भावंड असेल, तर त्याच्यावर तापलेली इस्त्री टेकवू नका, त्याला कुबट खोलीत खोक्यांच्या ढिगाखाली लोटू नका, अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवा. आणि घरात कुणी दुपारच्या वेळी खडू झिजवत असेल, तर उंदरांना दोष देण्याआधी त्याला एक नवी वडी आणून द्या. आमच्याकडे ती रोज सकाळी आपोआप माझ्यावर येऊन पडायची, आणि आणणारे स्वतःच संध्याकाळी उंदरांवर कुरकुरायचे.

निकालाच्याच दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं. संध्याकाळी माझ्यावर पेढ्यांचं ताट ठेवलं होतं. गल्लीतल्या बायका दुकानात जमल्या होत्या. गोजराबाई आल्या त्या विचारतच.

“पेढे कशाचे, वैनी?”

“हेमा एसएसएलसी पास झाली त्याचे,” तुंगाबाई म्हणाल्या.

“आता? अहो, ती तर लग्नाआधीच पास झालेली! सगळ्या समाजाला मीच सांगितलंय की.”

मशीन थांबलं. नरसिंहराव छताकडे बघू लागले. मल्हाररावांनी टेप गळ्यातून काढली आणि परत गळ्यात घातली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

तुंगाबाई खोकल्या नाहीत. त्यांनी गोजराबाईंचा हात धरला, त्यावर पेढा ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नव्हती झाली, वन्सं. माझी सून गणितात नापास झाली होती. घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आता ती पास झालीय, गणितातच.”